आधी दादर बघा : छापील नकाशा कसा पारखावा

मुंबईचा कुठलाही छापील नकाशा हातात आला की सगळ्यात आधी दादर शोधा. शीर्षक, रंगसंगती, कोपऱ्यातली नक्षीदार दिशाखूण हे सगळं नंतर. दादरला पश्चिमेकडून पूर्वेकडे सेनापती बापट मार्ग, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे आणि डॉ. आंबेडकर रस्ता असे चार पट्टे जवळजवळ समांतर धावतात. दोन्ही रेल्वेंवरून टिळक पूल आडवा जातो. हा सगळा पसारा जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोमीटरचा. नकाशाचं प्रमाण १:७५,००० असेल (कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ७५० मीटर), तर कागदावर त्याला सात ते दहा मिलिमीटर मिळतात, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी जागा. तेवढ्यात दोन रस्ते, दोन रेल्वे, एक पूल, स्टेशनची खूण आणि वर ‘दादर’ हे नाव. इथे नकाशाकाराने काय केलंय ते पाहिलं की उरलेल्या कागदाचा अंदाज येतो.

हिशेब करून बघू. तीस मीटर रुंदीचा रस्ता या प्रमाणावर ०.४ मिलिमीटर भरतो. तेवढ्या रेषेला आत पिवळा रंग आणि दोन्ही बाजूंना काळी किनार देणं जमत नाही, म्हणून मुख्य रस्ता साधारण एक मिलिमीटर जाडीचा काढतात. म्हणजे कागदावर तो रस्ता ७५ मीटर रुंद झाला. रेल्वेचंही तसंच, स्टेशनच्या ठिपक्याचंही तसंच. प्रत्येक गोष्ट खऱ्यापेक्षा जाड झाल्यावर ती शेजाऱ्याला धक्का देणारच. जाणता नकाशाकार रेल्वे जागेवर ठेवतो आणि रस्ते दोन्हीकडे किंचित बाहेर सरकवतो. रस्ता खऱ्या जागेपासून चाळीस-पन्नास मीटर हलतो, पण क्रम मोडत नाही: सेनापती बापट मार्ग रेल्वेच्या पश्चिमेलाच राहतो, मध्ये पांढरी फट दिसते आणि पूल रुळांच्या वरून गेलेला कळतो. कच्च्या नकाशात संगणकातली माहिती तशीच्या तशी जाड रेषांनी छापलेली असते. रस्ता रुळांवर चढतो, पूल रुळांखालून जातो आणि स्टेशनचा ठिपका दोन्ही रेल्वे गिळून बसतो. माहिती अचूक आणि नकाशा चूक, असा प्रकार.

पडद्यावरच्या नकाशाला हा प्रश्न फारसा छळत नाही, कारण दोन बोटं ताणली की दादर मोठं होतं. छापील नकाशाला एकच प्रमाण असतं आणि एकच संधी. म्हणूनच छापील नकाशांचं मोल वेगळं करण्याची पद्धत नकाशाकारांच्या जगात आहे. ब्रिटिश कार्टोग्राफिक सोसायटी छापील नकाशांसाठी निराळा पुरस्कार देते. १९५९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कार्टोग्राफिक असोसिएशनच्या परिषदांत नकाशांचं प्रदर्शन भरतं आणि तिथेही परीक्षण होतं. ब्रिटिश सोसायटीच्या डिझाइन गटाने १९९९ मध्ये नकाशा-रचनेची पाच तत्त्वं मांडली. त्यातलं एक इथे पुरेसं आहे: साधेपणा त्यागातून येतो. काय दाखवलं याआधी काय गाळलं ते बघायचं.

कागद किती, शहर केवढं

बृहन्मुंबई उत्तर-दक्षिण साधारण ४२ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम, जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे, २१ किलोमीटरच्या आसपास. १:७५,००० वर ती ५६ बाय २८ सेंटिमीटर होते. ए-२ कागद ५९.४ बाय ४२ चा, म्हणजे उंचीत ती बरोबर बसते, वरखाली दीड-दीड सेंटिमीटर उरतं. १:५०,००० घ्यायचं म्हटलं तर उंचीच ८४ सेंटिमीटर होते आणि ए-१ कागदावर समासालासुद्धा जागा राहत नाही. १:६०,००० वर ७० बाय ३५ होऊन ए-१ वर ती ऐसपैस बसते. तेव्हा ‘प्रमाण’ ही निव्वळ भूगोलाची बाब नाही, कागदाचा आकार आणि छपाईचं यंत्र ते ठरवतं. पाच-दहा हजारांच्या फरकाने कागद दुप्पट होतो आणि खर्चही.

मुंबई उभी आणि निमुळती असल्यामुळे कडेला जागा उरते. या उरलेल्या जागेचं काय केलं ही दुसरी चांगली परीक्षा. दक्षिणेकडे शहर बारीक होत जातं, म्हणून खालच्या उजव्या कोपऱ्यात समुद्राचा मोठा तुकडा मोकळा मिळतो. तिथे फोर्ट-चर्चगेटचा १:१५,००० चा वाढीव नकाशा घातला, तर तीन किलोमीटर लांबीचा भाग वीस सेंटिमीटरमध्ये येतो आणि गल्लीबोळ वाचता येतात. तिथेच निळा रंग भरून त्यावर जहाजाचं चित्र किंवा जाहिरात टाकली असेल, तर ओळखावं की रचनेचा विचार कागद निवडल्यावर थांबला.

हेतूचा मुद्दा इथेच येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे स्थलनिर्देशक नकाशे, म्हणजे ट्रेकर ज्यांना टोपोशीट म्हणतात ते, रचनेचा उत्तम नमुना आहेत: तपकिरी समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटर अंतराने, निळं पाणी, हिरवं जंगल, पिवळी शेती, लाल वस्ती. प्रत्येक नकाशा १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांशांचा. पण जुन्या मालिकेत ४७ ए/१६ आणि ४७ बी/१३ या दोन पत्रकांची सीमा १९ अंश अक्षवृत्तावर येते, आणि हे अक्षवृत्त वरळी-परळच्या आसपास जातं. परिणामी मुंबई बेट ऐन कमरेत कापलं जातं. पत्रकाची ही चूक नव्हे. सगळ्या देशाचे सारखे चौकोन पाडायचे हा त्याचा हेतू आहे आणि तो सफल झालेला आहे. पण तेच पत्रक ‘शहराचा नकाशा’ म्हणून भिंतीवर लावलं तर ते नापास. कुठल्याही नकाशाला गुण देण्याआधी तो कुणाच्या हातात जाणार आहे, हे विचारावं लागतं.

मुंबईकराच्या हातात जाणार असेल तर आणखी एक गोष्ट. इथे माणसं पत्ता ‘स्टेशनच्या ईस्टला’, ‘वेस्टला’ असा सांगतात. शहराचा कणा रेल्वे आहे, हायवे नाही. रेल्वे ठसठशीत आणि महामार्ग दुय्यम ठेवणारा नकाशा इथल्या डोक्यात लगेच बसतो. परदेशी साच्यावरून काढलेल्या नकाशांत नेमकं उलट झालेलं दिसतं: एक्सप्रेस हायवे लालभडक आणि लोकलची रेघ केसाएवढी.

तीन अंतरं

नकाशा भिंतीला टेकवून दोन मीटरवर उभं राहा आणि डोळे किलकिले करा. काय उरतं? समुद्र आणि जमीन वेगळी दिसली पाहिजे, रेल्वेचा कणा दिसला पाहिजे, राष्ट्रीय उद्यानाचा हिरवा ठसा दिसला पाहिजे. त्याऐवजी नजर जर आधी चौकटीवर किंवा चिन्हसूचीच्या रंगीत खोक्यावर गेली, तर कशाला किती महत्त्व ही उतरंड चुकली. मग हाताच्या अंतरावर, साधारण चाळीस सेंटिमीटरवर, नावं वाचा. शेवटी दहापट भिंग लावून रेषा बघा. बहुतेक नकाशे पहिल्या अंतरावर पास होतात आणि तिसऱ्यावर उघडे पडतात.

एक स्वस्त चाचणी: नकाशाची काळीपांढरी झेरॉक्स काढा. लाल रस्ता आणि हिरवं जंगल एकाच राखाडी छटेचे झाले, तर नकाशा फक्त रंगाच्या नावावर चालला होता, फिक्या-गडदपणावर नाही. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या वाचकाला तो असाच दिसतो. उंचसखल दाखवायला छाया दिली असेल, तर प्रकाश वरच्या डाव्या बाजूने, म्हणजे वायव्येकडून आलेला हवा. आपल्याकडे सूर्य तिथे क्वचितच असतो हे खरं, पण डोळ्याला त्या दिशेच्या प्रकाशाची सवय आहे. खालून प्रकाश टाकला की कान्हेरीचा डोंगर खड्ड्यासारखा दिसू लागतो.

देवनागरीची वेगळी परीक्षा

मराठी नकाशाची खरी कसोटी अक्षरांत आहे, आणि इंग्रजी नियम जसेच्या तसे उचलले की तिथेच घात होतो.

रोमन लिपीत मोठी लिपी-छोटी लिपी असते, तिरपी लिपी असते, अक्षरं सुटी ताणता येतात. नकाशाकार या तिन्हींचा वापर करून सांगतो की हे शहर, ही नदी, हा डोंगर. देवनागरीत मोठी लिपी नाही. तिरपं वळण तिच्या परंपरेत नाही. संगणकाने अक्षर नुसतं कलंडवलं की ‘मिठी नदी’ धक्का लागल्यासारखी दिसते. आणि अक्षरं ताणली की शिरोरेषा तुटते. ‘अरबी समुद्र’ समुद्रभर पसरायचा असेल, तर तोडायचं ते उच्चाराच्या अक्षरांवर: अ – र – बी, स – मु – द्र. सॉफ्टवेअरवर सोडलं तर ‘द्र’चा ‘द्’ एकीकडे आणि ‘र’ दुसरीकडे जातो. मग उतरंड दाखवायची कशी? ठळकपणा, आकार आणि रंग यांनी. पाण्याची नावं निळी, डोंगरांची तपकिरी, विभागांची मोठ्या पण फिक्या टाइपात, स्टेशनांची ठळक काळ्यात. हे तीन-चार पदर सांभाळले की मोठ्या लिपीची उणीव जाणवत नाही.

टाइपचा आकारही वेगळा लागतो. रोमन अक्षर साडेपाच-सहा पॉइंटला वाचता येतं. देवनागरीला त्याच टाइपात वर मात्रा-रफार आणि खाली उकार बसवायचे असतात, त्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला उंची कमी येते. साधारण सात पॉइंटच्या खाली उतरलं की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्या गाठी शाईने भरतात. सात पॉइंटला अनुस्वाराचा टिंब जेमतेम ०.३ मिलिमीटरचा असतो. मध्य रेल्वेवर कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड बघा: तिघांनाही अनुस्वार, आणि नेमका तिथेच वरून रस्ता किंवा समोच्चरेषा गेली की भांडुपचं भाडुप होतं. म्हणून नाव ठेवताना शिरोरेषेच्या वरची जागाही मोकळी सोडावी लागते. नावाभोवती पांढरी कड देतात ती पाव मिलिमीटरच्या आसपास पुरे. जास्त दिली की नाव तरंगतं आणि खालचा रस्ता तुटल्यासारखा दिसतो.

नदीच्या वळणावर नाव वळवायचं असेल तर वळण सौम्य हवं. तीव्र वळणावर शिरोरेषेचे तुकडे एकमेकांना कोन करून उभे राहतात, मोडक्या कुंपणासारखे. त्यापेक्षा नदीच्या सरळ भागात नाव सरळ ठेवलेलं बरं.

छपाईला जाण्याआधी पीडीएफमध्ये चार नावं हटकून तपासावीत: शिवडी, कुर्ला, वांद्रे, चर्चगेट. पहिल्या नावात ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे उडतो का, दुसऱ्या-चौथ्यात रफार जागेवर बसतो का, तिसऱ्यात जोडाक्षर जुळतं का. ही चार बरोबर असतील तर फॉण्ट आणि सॉफ्टवेअर यांचं जमलेलं आहे. एक चुकलं, तर बाकी शेकडो नावं डोळ्यांखालून घालण्यावाचून गत्यंतर नाही.

नाव कुठे ठेवायचं याचे नियम स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी नीट बांधून दिले, आणि ते लिपीवर अवलंबून नाहीत. ठिपक्याच्या उजवीकडे किंचित वर ही पहिली पसंती. किनाऱ्यावरच्या गावाचं नाव पाण्यावर, आतल्या गावाचं पूर्ण जमिनीवर. वर्सोवा आणि वरळी समुद्रात लिहिलेली चालतात, नव्हे तीच योग्य. पण अंधेरीचं नाव जागा नाही म्हणून समुद्रात ढकललं, तर नवखा माणूस तिथे चौपाटी शोधत जाईल. आणि नावं कोणती? वांद्रे की बांद्रा, शीव की सायन? मराठी नकाशात मराठी रूप हवं, मात्र सूचीत दुसरं रूपही हवं, म्हणजे ‘सायन’ शोधणारा ‘शीव’पर्यंत पोचतो. नावांची सूची अकारविल्हे लावताना अनुस्वाराची नावं भलतीकडे जाऊन पडतात, तेही एकदा बघून घ्यावं.

नकाशा कधीच्या माहितीवर काढला हे खाली बारीक अक्षरांत असतं. छपाईचं वर्ष पुरेसं नाही. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ मध्ये झालं, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. माहितीचं वर्ष छापलं असेल, तर सेतू का नाही याचं उत्तर वाचकाला मिळतं. आणि देशाची बाह्य सीमा कुठे दिसत असेल तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच लागते, तिथे सौंदर्यदृष्टीला वाव नाही.

आकडेवारीचे नकाशे हा स्वतंत्र विषय आहे, म्हणून एकच खूण. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्याप्रमाणे प्रत्येक विभाग फिका-गडद रंगवलेल्या नकाशात, वॉर्डनिहाय एकूण लोकसंख्या रंगवली असेल तर नकाशा बाजूला ठेवा. मोठा वॉर्ड गडद दिसतो तो मोठा आहे म्हणून. रंगवायचं ते दर चौरस किलोमीटरला किती माणसं हे. त्यातही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा वॉर्डांत येणारा भाग आधी वगळायचा, नाहीतर बिबट्यांच्या जंगलात माणसांची वस्ती सारखी पसरलेली दिसते.

छापखान्यात काय बिघडतं

आता भिंग. ऑफसेट छपाईत फिका रंग म्हणजे ठिपक्यांची जाळी. इंचाला १५० ओळींच्या जाळीत दोन ठिपक्यांमधलं अंतर ०.१७ मिलिमीटर असतं. समोच्चरेषा असते ०.१ मिलिमीटरची. ती चार रंग मिसळून तपकिरी केली, तर रेषेऐवजी किरमिजी-पिवळ्या ठिपक्यांची तुटक माळ दिसते. स्थलनिर्देशक नकाशांच्या रेषा इतक्या धारदार दिसतात त्या तपकिरीची स्वतंत्र शाई, स्वतंत्र प्लेट वापरल्यामुळे. बजेट चार रंगांचंच असेल, तर बारीक रेषा शंभर टक्के काळ्या किंवा शंभर टक्के निळ्या ठेवाव्यात आणि मिश्र रंग फक्त पसरट भागांना द्यावेत.

काळ्या अक्षरांचंही तेच. अक्षर निव्वळ काळ्या शाईत आणि खालच्या रंगावर थेट छापलेलं हवं. चारही शाया मिसळून केलेला काळा, किंवा खालचा रंग कापून त्या खाचेत बसवलेलं अक्षर, दोन्ही धोक्याचे. प्लेटा ०.१ मिलिमीटर जरी सरकल्या तरी पहिल्यात अक्षराला रंगीत सावली येते आणि दुसऱ्यात पांढरी चीर. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचं एकावर एक जुळणं, हललंय का हे बघायला अक्षरांकडे न जाता निळा समुद्र आणि जमीन यांच्या सीमेवर भिंग फिरवा. माहीमच्या खाडीसारख्या नागमोडी किनाऱ्याला एकाच बाजूने पांढरी फट दिसली तर प्लेट सरकली.

कागदाबद्दल थोडं. वहीपासून पुस्तकापर्यंत आपल्याकडे ज्याला मॅपलिथो म्हणतात, त्याच्या नावातच नकाशा आणि लिथो आहेत. त्यावर पेन्सिलने लिहिता येतं, घडी सहसा फुटत नाही, पण कोट नसल्यामुळे शाई पसरते. ५० टक्क्यांचा हिरवा छापल्यावर ६५-७० टक्क्यांसारखा गडद होतो आणि त्यावरची काळी नावं बुडतात. म्हणून मॅपलिथोवर जंगलाचा हिरवा फाईलमध्येच २५-३० टक्क्यांवर ठेवावा आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, त्याच कागदावर मागावं. गुळगुळीत आर्ट पेपरवरचं प्रूफ पाहून मॅपलिथोची ऑर्डर देणं ही हमखास फसगत.

पावसाळ्यात मुंबईत आणखी एक गंमत होते. कागद दमट हवेत फुगतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. चारही रंग एकाच फेरीत छापणाऱ्या यंत्रावर हे फारसं जाणवत नाही. पण दोन रंगी यंत्रावर सकाळी काळा-निळा आणि संध्याकाळी लाल-पिवळा छापला, तर दरम्यान मोठा कागद अर्धा मिलिमीटर वाढलेला असू शकतो. मग मधोमध सगळं जुळतं आणि कडेला रस्ते किनारीबाहेर पडतात. जुलैतलं काम असेल तर कागद एक-दोन दिवस आधी यंत्राच्या खोलीत आणून ठेवावा आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये प्लॅस्टिकने झाकावा.

शेवटी घडी. तंतूंच्या दिशेत घातलेली घडी सरळ बसते, आडवी घातलेली कडेला फुटते. उभ्या-आडव्या दोन्ही घड्या असतील तर एक दिशा प्रतिकूल होणारच, तेव्हा जी घडी जास्त वेळा उघडली जाणार ती तंतूंच्या दिशेत ठेवतात. ९० ते १२० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद यासाठी बरा, त्याहून जाड घेतला तर घडीवर शाई सोलते. आणि घड्यांचा छेद कुठे पडतो? मुंबईचा नकाशा कागदाच्या मधोमध असेल, तर बरोबर मध्य कुर्ला-विमानतळाच्या आसपास येतो, आणि सगळ्यात आधी फाटतो तो छेदच. नमुना प्रत वीस वेळा उघडून मिटून पाहावी. कुर्ल्याच्या जागी भोक पडायला लागलं, तर नकाशा कागदावर दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकवून छेद विरळ, मोकळ्या जागेत नेता येतो. हा बदल प्लेट काढण्याआधी फुकट आहे.